आत्या, तू काय सांगत होतीस?

आत्या, तुझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. दुसरं कोण करणार? भोरला एसटी स्टँडच्या मागे आमचं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान. आपल्या गावात कुणी गेलं की आधी माझ्या मोबाईलवर फोटो येतो, मग पाहुण्यारावळ्यांना कळतं. तुझा फोटो कुणी पाठवायची गरज नव्हती. तुझे व्हिडिओ माझ्याकडे ढिगाने होते. म्हटलं, त्यातलाच एखादा मध्येच थांबवू आणि हात उचललेला चांगला फोटो काढू. तर बाई, एकाही ठिकाणी तुझे हात धड मिळाले नाहीत. चेहरा स्वच्छ, कपाळावरचं गोंदण स्वच्छ, मागच्या भिंतीचा पोपडासुद्धा स्वच्छ, आणि हातांच्या जागी नुसता धूर. शेवटी आधार कार्डावरचा फोटो लावला, गळ्यापर्यंतचा. फाट्यावर तो फ्लेक्स लागलाय आणि एसटीतून उतरणारे लोक कुणा गोंदणवाल्या म्हातारीकडे बघतात आणि पुढे जातात. त्यात तू नाहीसच.

पण मी फ्लेक्सचं गाऱ्हाणं घेऊन बसलेले नाही. मला दुसरंच काही विचारायचंय, आणि जिला विचारायचं तीच निघून गेली. तुला शेवटची आंघोळ घालायला आम्ही बायका जमलो, तेव्हा तुझ्या दोन्ही मनगटांवर मी वळ पाहिले. काळेनिळे, पट्टीच्या रुंदीचे. तुझी भावजय, शेवंतावहिनी, पाणी ओतत होती. मी तिला वळ दाखवले. तिने तांब्या खाली ठेवला आणि दुसरीकडे तोंड केलं. मग अंगणात तुझ्या भावाला गाठलं. बाबूअण्णा माझ्याशी नेहमी बोलतात तसे, माझ्यासमोर उभे राहून, ओठ ताणून सावकाश बोलले, "सलाईन उपसत व्हती गं सारखी. म्हून दवाखान्यात हात बांधलं. लई हलवत व्हती."

मी त्यांना परत बोलायला लावलं. परत तेच. लई हलवत व्हती. माझ्या तोंडून काय आवाज निघाला मला माहीत नाही, पण अंगणातली सगळी माणसं एकदम माझ्याकडे वळली.

दुसऱ्या कुणाचे हात बांधले तर तो तोंडाने दवाखाना डोक्यावर घेईल. तुझे हात बांधले म्हणजे तुझं तोंड दाबून धरलं, तेही जीव जात असताना. हे लिहितानासुद्धा माझे दात आवळले जातायत. त्या लोकांनी दुष्टपणाने केलं नसणार, सलाईन राहावी म्हणूनच केलं असणार, हे मला समजतं, आणि त्याने माझा राग तिळभरही कमी होत नाही.

आणि मी कुठे होते? खोलीच्या दारात. दवाखानेवाले आत एकाच नातेवाइकाला सोडायचे. आत वहिनीला बसवा, हिचं बोलणं तिला येतं, हे मीच मोबाईलवर टाईप करून त्यांना पटवलं होतं. मी बाहेर बाकावर. थोड्या थोड्या वेळाने वहिनी बाहेर यायची. मी विचारायची, काय म्हणते? ती गालाखाली तळहात धरायची, मान कलती करायची. झोपलीय. संध्याकाळी विचारलं, झोपलीय. दुसऱ्या दिवशी, झोपलीय. मला बरंच वाटलं. म्हटलं, छाती भरलीय, दम लागतोय, झोपली तर सुटेल. आणि तू मात्र एका दाराच्या पलीकडे बोलत होतीस. काय सांगत होतीस, आत्या? गेले इतके दिवस मी भाकरी खाते, दुकानात बसते, लग्नपत्रिका टाईप करते, आणि डोक्यात हा एकच किडा.

तुझं बोलणं पहिल्यांदा मला कसं उमगलं ते तुला ठाऊक आहे, पण मला ते आज परत सांगायचंय. मी चौथीत होते. डोक्यात ताप गेला, पुण्याच्या दवाखान्यातून परत आले ती कान घालवूनच. आता ऐकू येणार नाही हे मला कुणी सांगितलंच नाही, कारण सांगणार कसं? आई तोंड हलवायची आणि रडायची. बाबा तोंड हलवायचे आणि उठून जायचे. मला वाटायचं सगळे माझ्यावर रुसून मुद्दाम हळू बोलतायत. आणि एक दिवस तू आमच्या पडवीत आलीस. तुला तेव्हा गाव मुकी हौसा म्हणायचं, आत्या म्हणायला लागलं ते नंतर, आणि मुकी हौसा दारात आली म्हणून आईचा चेहरा आणखीनच पडला. तू आईकडे बघितलंच नाहीस. माझ्यासमोर मांडी घालून बसलीस आणि मला निरखत राहिलीस, बाजारात गाय बघतात तशी. मग करंगळी कानामागून खाली आणलीस आणि टोकाला एक गिरकी दिलीस. माझ्या वेणीची लाल रिबीन. बोट माझ्याकडे. परत रिबीन, परत बोट. तू माझं नाव ठेवलं होतंस.

त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला हाक मारली आणि ती मला कळली. आता माझे केस खांद्यापर्यंतसुद्धा नाहीत, पण आपल्या खोऱ्यात मी रिबीनच आहे.

लोक म्हणतात हौसाने कुंदाला जवळ केलं, कारण दोघी बहिऱ्या. म्हणोत. तू तर ऐकणाऱ्यांनासुद्धा नावं दिलीस. आधी थट्टेत. सरपंच म्हणजे घसरलेली पँट वर ओढणं, गुरुजी म्हणजे खडूच्या हाताने नाक खाजवणं. मग कुणा बाईने बारसं उरकल्यावर लेकरू तुझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि म्हणाली, हिचं बी ठेवा. तिथून रीतच पडली. पाळण्यातलं नाव लेकराच्या सख्ख्या आत्याने कानात सांगायचं, आणि हातनाव तुझ्याकडून. तू लगेच द्यायची नाहीस. लेकराला उलटसुलट करून बघायचीस, कधी महिना लावायचीस, आया हैराण व्हायच्या. मग एखाद्या दिवशी रस्त्यातच द्यायचीस, पाण्याची कळशी डोक्यावर असताना. आपल्या गावात आज तिशीच्या आतलं असं माणूस नाही ज्याला हातनाव नाही. मुंबईला कामाला गेलेली पोरं मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावतात आणि बोलायच्या आधी एकमेकांना हातनावाने हाक मारतात. हे तू केलंस. शाळेची पायरी न चढता, एक अक्षर न बोलता.

शनिवार-रविवारी धरणावर येणाऱ्या लोकांना वाटतं भाताची लावणी म्हणजे सगळीकडे हिरवंगार आणि फोटो. डोक्यावर प्लास्टिकचा कागद असतो आणि पाऊस त्यावर असा बडवतो की शेजारणीचा शब्द ऐकू येत नाही. हे मला बायकांनीच सांगितलं. म्हणजे त्या दिवसांत आख्खं खाचर आपल्यासारखंच बहिरं, आणि बहिऱ्या खाचरात तू राणी. रोपाची मूठ टाक, चहा आला, पायाशी खेकडा, सासू बांधावर येऊन उभी आहे, सगळं वाकल्या वाकल्या एका हाताने. बायका तुझ्याकडून शिकल्या आणि ते बोलणं शेतातून उठून गावभर झालं. पाणी भरलं की धरणाच्या दोन्ही काठांवरून तसं बोलायचे. एसटीच्या खिडकीतून खाली तसं बोलायचे. आणि हल्ली लग्नात डीजे लागला की बघायला हवं. सगळा मांडव हात उडवत असतो. पाहुण्यांना वाटतं नाचतायत. ते विचारत असतात, जेवण सुरू झालं का.

वहिनी तर तुझीच चेली. ती वेल्ह्याकडची, नवी नवरी होऊन आली तेव्हा तुला भ्यायची. पण तुझी आई भलती कडक. तिच्यापुढे सुनेने तोंड उघडायची सोय नव्हती. मग तू तिला चुलीपाशी शिकवलंस. म्हातारी पाट घेऊन दारात बसलेली असायची आणि तिच्या पाठीमागे तुम्ही दोघी तिचीच नक्कल करून हसायचा, आवाज न करता, पोट धरून. वहिनी मला एकदा म्हणाली होती, "हौसावन्संनी मला बोलाय शिकिवलं बघ, न्हाईतर मी गुदमरून मेले असते ह्या घरात."

त्या सगळ्याचे व्हिडिओ करू असं मला वाटलं, तेव्हा तू माझ्या मोबाईलकडे बघून नाक मुरडलंस. तुला वाटलं मी तुझा फोटो काढतेय, आणि फोटोत काय बोलणार? मग तुझंच चालतं-बोलतं रूप तुला दाखवलं. तू पडद्याला हात लावून बघितलंस, मोबाईल मागे उलटून बघितलास, आणि मला म्हणालीस, हिचे हात बरे चालतात. त्यानंतर तुला आवरणं मुश्किल झालं. गोठ्यात बिबट्या आला तो किस्सा तू सांगितलास, तो मी टाकला. तुझा बिबट्या मला अजून दिसतो. आधी खांदे, मग मान, मग शेपूट, आणि शेवटी बाबूअण्णा धोतर सावरत पळतात ते. कुठल्या कुठल्या गावांतून लोकांनी बघितलं. एका लांबच्या जिल्ह्यातल्या बहिऱ्या मुलीने तुझा बिबट्या स्वतः करून पाठवला. तो तू माझ्याकडून पुन्हा पुन्हा लावून घेतलास, आणि दर वेळी म्हणायचीस, शेपूट चुकलं. पण तुझे डोळे भरलेले असायचे. घराबाहेर न पडलेली एक पोरगी कुठेतरी बसून तुझ्या हातांनी बोलत होती. माझ्या आयुष्यात मी याहून चांगलं काही पाहिलेलं नाही.

आणि मग आपलं भांडण. ते मिटायचंच राहिलं. मी म्हणायची, व्हिडिओच्या खाली शब्द लिहूया, म्हणजे सगळ्यांना कळेल. तू म्हणायचीस, खाली लिहिलं की लोक खाली बघतात. माझे हात कोण बघणार? मी म्हणायची, कळलंच नाही तर बघतील कशाला? मी शब्द घातले. तू काय केलंस? पुढच्या वेळेपासून हात मुद्दाम खाली, पार मांडीपाशी घेऊन बोलायला लागलीस, म्हणजे माझी अक्षरं बरोबर तुझ्या हातांवर येणार. मी ओळ वर घेतली. तू हात वर घेतलेस. अशी लबाड. बोलून बोलून मी दमले की तू डोळे मिटून घ्यायचीस. आपल्या दोघींत डोळे मिटले की भांडण संपलं, मग समोरचा कितीही हात आपटो.

कुणा शिकलेल्या माणसाने एकदा लिहिलं होतं की या बाईच्या खुणा चुकीच्या आहेत, शाळेत शिकवतात त्या वेगळ्या, मुलांचा गोंधळ होईल. मलाही ते पटलं होतं. मी पुण्याच्या शाळेत त्या खुणा शिकले होते, त्यांच्यामुळे मला मैत्रिणी मिळाल्या. मी तुला 'पाणी' शिकवायला बसले. तू एकदा केलंस आणि विचारलंस, कुठलं? मी म्हटलं, कुठलं म्हणजे? पाणी. तू म्हणालीस, विहिरीचं, धरणाचं, का खाचरातलं? तुझ्याकडे तिन्हीला वेगळे हात होते. मी म्हटलं, आत्या, शहरात सगळं नळाचं असतं. तू माझी कीव केलीस.

त्या पुण्याच्या कार्यक्रमाला तुला मीच नेलं. दिव्यांग कलावंतांचा सन्मान. स्टेजवर तुला खुर्ची दिली, शाल दिली, नारळ दिला. भाषणं एवढी लांबली की तुझा बिबट्या राहूनच गेला. नारळ हातात असल्यामुळे तुला बोलतासुद्धा येत नव्हतं, तू तो माझ्याकडे देऊ बघत होतीस आणि फोटोवाले तुला परत समोर वळवत होते. येताना एसटीत तू प्रमुख पाहुण्यांची जी नक्कल केलीस ती बघून हसता हसता कंडक्टर तिकिटं द्यायचं विसरला. मी मात्र रडत होते. तू माझ्या गुडघ्यावर चापट मारलीस आणि म्हणालीस, रिबीन, शाल ऊबदार आहे.

मी रडत होते ते वेगळ्या कारणासाठी. मला त्या दिवशी ठाम वाटलं की हे लोक वाईट नाहीत, यांना फक्त कळत नाही. तुझं बोलणं कळलं असतं तर एकाही माणसाने तो नारळ तुझ्या हातात ठेवला नसता. तेव्हापासून मी हेच धरून बसले. व्हिडिओ, खाली शब्द, पंचायतीत अर्ज, शाळेत जाऊन पोरांना चार खुणा शिकवणं, सगळं त्याच्यासाठी. एकदा कळू दे लोकांना. मग कुणाचं काही अडणार नाही.

मग यंदा पावसाच्या शेवटाला तुला ताप आला आणि मोडेचना.

गेल्यावर जे सगळे करतात ते झालं. दहावा झाला, तेरावा आला. तेराव्याला आपल्या आळीतली सुरेखा तिचं लेकरू घेऊन माझ्यापुढे बसली. तू दवाखान्यात असताना त्याचं बारसं झालं होतं. ती म्हणाली, "आत्या न्हाईत, आता तूच ठेव हातनाव." मी त्याला मांडीवर घेतलं. बघितलं. गोरं, गोल, इतर लेकरांसारखंच. आत्या, मला काहीच दिसलं नाही. तू काय बघायचीस? कुठे बघायचीस? हे मी तुला एवढ्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं, कारण तू होतीस. मी ते लेकरू तिच्याकडे परत दिलं. ती म्हणाली, राहू दे, घाई न्हाई. घाई कसली आता. ज्याला ठेवता येत होतं ते माणूसच नाही. लावणीलाही आता बाहेरून मजूर येतात, टेम्पोत बसून, त्यांना तुझं बोलणं येत नाही. तरण्या मुलींना येतं ते डीजेपुरतं. पाच-दहा वर्षांनी कुणी व्हिडिओ बघेल आणि विचारेल, ही म्हातारी काय म्हणते?

तेव्हाच मी ठरवलं की तुझ्या हातांवर तरी व्हिडिओ करायचा. बांधलेल्या हातांवर. जेवणं उरकली होती, पडवीत पाहुणे सुपारी कातरत बसले होते. वहिनी मागे परसात मोठी पातेली घासत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि तोंडाने म्हणाले, "वहिनी, तू मोबाईलसमोर सांग. दवाखान्यात त्यांना आत्याचं बोलणं कळलं नाही, म्हणून हात बांधले. लोकांना कळायला हवं. दुसऱ्या कुणा बहिऱ्या माणसाचं असं व्हायला नको." माझा आवाज मला आवरत नाही, मोठा लागला असणार. वहिनीने घाबरून पडवीकडे बघितलं आणि राखेचा हात माझ्या तोंडापुढे धरला.

मग तिने हात धुतले. पदराला नीट पुसले, बोटांच्या बेचक्यासुद्धा. माझ्यासमोर बसली आणि तुझ्या बोलण्यात बोलायला लागली, म्हणजे पाहुण्यांना काही ऐकू जायला नको. किती स्वच्छ बोलते ती. मी हे तिच्या तोंडच्या शब्दांत लिहितेय, पण तिने ओठ हलवले नाहीत.

"मला कळत व्हतं गं. पहिल्या दिसापास्नं कळत व्हतं. घरी न्या म्हणत व्हती. दुसरं काय बी न्हाई. घरी न्या."

घर तू नुसत्या हाताने कधीच म्हटलं नाहीस. हात कपाळावर आडवा आणि त्याच्याखालून मान वाकवायची, आपल्या दारातून आत शिरल्यासारखी. वहिनीने तसं केलं. परत केलं. परत केलं. तू किती वेळा म्हणत होतीस ते ती मला दाखवत होती.

"डाक्टर म्हणलं, हलिवलं तर वाटंतच जाईल. तुझं अण्णा म्हणलं, ठिवा. आन ती माझ्याकडंच बघायची. दुसऱ्या कुणाकडं बघंना. नर्स इचारायची, काय म्हणत्यात? म्या म्हणायची, काय न्हाई, उगंच हलवत्यात. मला एकटीलाच कळत व्हतं, कुंदे. दिसभर. नजर काढली तर पाय आपटायची. मला बघवंना. मंग म्याच म्हणलं नर्सला, बांधा. सलाईन उपसतीया, बांधा."

मी विचारलं, सलाईन उपसत होती का?

वहिनीने मान हलवली. नाही.

"हात बांधल्यावर बी मान वाकवायची. उशीवरच. नर्सला वाटलं झटकं येत्यात. तू भायेर बसली व्हतीस. तुला आत सोडली असती तर तू तिला उचलून आणली असतीस घरी. म्हून म्या झोपली म्हणलं."

आत्या, माझा प्रश्न सुटला. तू काय सांगत होतीस ते मला मिळालं आणि मी त्याचं काय करू मला कळत नाही. मी दवाखान्यावर दात खात होते, डॉक्टरवर, त्या नर्सवर, कळत नसलेल्या सगळ्या जगावर. आणि तुझ्या उशाशी बसलेल्या बाईला तुझं सगळं येत होतं. तिला कुणी व्हिडिओ दाखवून शिकवलं नव्हतं. तू स्वतः चुलीपाशी शिकवलं होतंस. तिला कळत नसतं तर तिने तुझे हात मोकळे ठेवले असते. एखाद्या परक्या बाईसारखी तुझे पाय चेपत बसली असती, आणि तू बोलत बोलत गेली असतीस. तिला कळलं, ते सहन झालं नाही, म्हणून तिने तुला गप्प केलं. मी मघापासून हे वाक्य खोडतेय आणि परत लिहितेय, दुसरं कुठलं येतच नाही.

मला तिचा संताप यायला हवा होता. थोडा आलाही. पण तुझं बोलणं आता या जगात एवढं चांगलं फक्त तिच्या हातांत उरलंय, आत्या. मला बोलायला आता तीच.

मोबाईल माझ्या हातात तसाच होता. तो मी पदराआड केला. वहिनीने मला विचारलं, वन्सं माझ्यावर रागावून गेल्या का? ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तू असतीस तर तुला विचारून सांगितलं असतं. तेवढ्यात पडवीतून कुणी पाणी मागितलं असावं, कारण ती एकदम त्या बाजूला वळली, डोळे पुसले, कळशी कमरेवर घेतली आणि मागच्या दाराने आत गेली. शिरताना तिने मान वाकवली. दार ठेंगणं आहे, वाकवावीच लागते.